आमच्या सोसायटीची बिनपाण्याची बाग

आमच्या बीडकडं पाणी साठत नाही, किस्से मात्र रग्गड साठतात. पाऊस नसला की शेतात काम नसतं, नळाला पाणी नसतं, मग तोंडाला तरी काहीतरी काम नको का? त्यात आमच्या सोसायटीला बाग! दुष्काळात बाग सांभाळायला घेतली की किस्से आपोआप पिकतात, खतसुद्धा लागत नाही.

पालीच्या रस्त्याला आमची नंदनवन सहकारी गृहनिर्माण संस्था. चेअरमन अण्णा. त्यांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्यात गेली, त्यामुळं सभा, ठराव आणि टाळ्या याशिवाय त्यांना करमत नाही. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो. अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी झालो. घरांच्या मधोमध बागेची जागा. एक घसरगुंडी, एक बाकडं, मेंदीचं कुंपण आणि थोडी झाडं. नगरपालिकेनं बजावून ठेवलं होतं, बाग दिसली तर ठीक, नुसता मोकळा प्लॉट दिसला तर ताब्यात घेऊन गाळे काढू. अण्णांना झोपेतसुद्धा गाळे दिसायचे!

*

बाग केली त्याच वर्षी पावसानं दडी मारली. हिरवळ वाळली, वाऱ्यानं उडून गेली. राहिली फक्त माझ्या हातची पाटी : 'हिरवळीवर चालू नये.'

वॉचमन पंढरी ड्युटीचा पक्का. त्या उघड्या मातीवर कुणी पाय ठेवला की शिट्टी! सगळी सोसायटी वळसा घालून जायची. एकदा कुणाकडं आलेला पाहुणा भडकला.

"अरे बाबा, हिरवळ हाय कुठं?"

पंढरी म्हणाला, "तुमच्यासारखे चालले म्हणूनच न्हाई ना!"

*

मग टँकर सुरू झाला. अण्णांनी सभेत ठराव मांडला. प्रत्येक घरानं एक झाड दत्तक घ्यायचं आणि आंघोळीचं पाणी त्याच झाडाला घालायचं. टाळ्या झाल्या, ठराव पास.

आता घरातनं बादल्या कोण वाहणार? एकानं सरळ आपल्या झाडाखाली फरशी टाकली आणि तिथंच आंघोळीला बसला. बघता बघता सगळे पुरुष आपापल्या झाडाखाली! फांदीला टॉवेल, बुंध्याला साबण. सकाळी बायकांनी बागेकडं बघणं सोडलं.

झाडं मात्र तगली. फक्त मोरे सरांचं लिंबू वाळायला लागलं. सर म्हणायचे, "मी घरात आंघोळ करतो आणि पाणी आणून घालतो." अण्णांनी भर सभेत विषय घेतला.

"सर, माणूस खोटं बोलंल. लिंबू न्हाई बोलत!"

सर गडबडले. म्हणाले, "साबणानं जळलं असंल."

मागून सरांच्या मिसेस म्हणाल्या, "साबण तर दिवाळीपासून तोच हाय!"

*

भर उन्हाळ्यात एक शेतकरी नेकनूरकडून म्हैस घेऊन थेट गेटात. आत टँकर उभा, वर सावलीला हिरवी जाळी. त्याला वाटलं, जनावरांची छावणीच!

अण्णा धावले. "आरं, हे गार्डन हाय!"

"चालंल की. म्हशीची काय तक्रार न्हाई."

"सभासदांशिवाय कुणाला आत घेत न्हाईत इथं!"

"कावून न्हाई घेत? मग करून घ्या की सभासद. ही दूध देती. तुमचे बाकीचे सभासद काय देतेत?"

म्हैस मोरे सरांच्या लिंबाखाली बसली ती पाऊस पडेपर्यंत उठली नाही. तिच्या शेणानं लिंबू जगलं. त्या वर्षीच्या वार्षिक सभेला शेवटपर्यंत हजर राहिलेली तेवढी एकटीच!

*

पुढं नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. आदल्या दिवशी अण्णा माझ्या दारात. मेंदीचं कुंपण पार काटक्या झालं होतं.

"सर, तुमी ड्रॉइंगवाले. रंगवून टाका."

"कुंपण?"

"मग काय मला रंगवता?"

मी हिरवा ऑइलपेंट आणला. संध्याकाळपर्यंत कुंपण असं झालं, की पंढरीनं झारीनं पाणी घालायला घेतलं!

साहेब सकाळीच आले. बघून खूश झाले. कौतुकानं त्यांनी कुंपणावर हात फिरवला. हात हिरवागार!

"हे काय हो?"

अण्णा म्हणाले, "मेंदी लई ताजी हाय, साहेब!"

*

साहेब चिडले. हात पुसत म्हणाले, "हा मोकळा प्लॉट आहे. याला बाग कशावरून म्हणायचं, सांगा!"

तेवढ्यात अण्णांचं लक्ष बाकड्याकडं गेलं. कॉलेजातली दोघं तोंडाला रुमाल बांधून बसली होती. अशी जोडी दिसली की अण्णा काठी घेऊन हाकलायचे. आत्ताही काठी उगारलीच होती. ती तशीच त्यांनी त्या दोघांकडं रोखली.

"साहेब, तिकडं बघा! मोकळ्या प्लॉटवर आसं कुणी बसतंय का? बाग आसल्याबिगर?"

साहेबांनी आधी बाकड्याकडं बघितलं, मग प्लॉटकडं. मुद्दा बिनतोड होता. "बरं, बागच म्हणू," ते म्हणाले. "पण पुढच्या उन्हाळ्यात परत बघायला येणार."

तेव्हापासून अण्णा त्या दोघांना घरून चहा पाठवायला लागले. बिस्किटंसुद्धा! दोघं इतकी घाबरली की त्यांनी यायचंच बंद केलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांचा फोन आला, दुपारनंतर येतो म्हणून. पाऊस त्याही वर्षी दगा देऊन गेला होता. बागेत चिटपाखरू नाही. अण्णा ओट्यावर डोकं धरून बसले. "गेला प्लॉट, सर."

सुभद्राकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, दारात शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "मी बसते की बाकड्यावर."

"तू? लोक काय म्हणतील?"

"गाळे झाल्यावर काय म्हणायचेत?"

काकूंनी सुनेचा स्कार्फ तोंडाला गुंडाळला, फक्त डोळे उघडे. अण्णांनी उपरण्यानं तोंड झाकलं. दोघं बाकड्याच्या दोन टोकांना बसली, मधे आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा!

मी गेटावरून ओरडलो, "अण्णा, जरा जवळ सरका!"

"सर, तुमी गप बसा!" अण्णा म्हणाले. पण सरकले.

उन्हं कलल्यावर साहेब मोटरसायकलवर आले. मी अडखळत सांगायला लागलो, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. बाकड्यावर दोन डोकी एकमेकांजवळ आली होती. अण्णा हातवारे करत काहीतरी सांगत होते, आणि काकूंचे खांदे हसून हसून हलत होते.

"राहू द्या. डिस्टर्ब नको," साहेब हळूच म्हणाले. "बाग छान ठेवलीय." आणि गेले.

मी पळत बाकड्याकडं गेलो. "अण्णा, उठा! साहेब गेले! बाग वाचली!"

अण्णांनी वळूनही बघितलं नाही. काकूंनी स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि मला दटावलं, "हळू बोला, सर. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा ठराव सोडून दुसरं कायतरी बोलायलेत!"