नानांची ठिबक आणि मायचं लुगडं

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, लढाईत बिनतारी यंत्रावर संदेश पाठवायचे. लढाई कधीच संपली, पण आमच्या घरापुरती ती चालूच होती. फौजेतला नियम असा, की ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. नीट ऐकू आला नसेल तर ‘परत सांगा’ म्हणायचं, आणि सांगणाऱ्याने परत सांगायचं. नानांनी चहा मागितला की आम्ही पोरी ‘नानांना चहा’ असं म्हणून दाखवायचो आणि मगच चूल पेटायची. माय तेवढी कधी म्हणाली नाही. मी काय पोपट शे का, म्हणायची. आणि स्वतःचंही एकदाच सांगायची.

गावात पहिला रंगीत टीव्ही आला, त्या साली नानांनी ठिबक शोधून काढली. काळ्या नळ्यांना तापल्या दाभणाने भोकं पाडली आणि अमळनेरजवळच्या आमच्या शेतात, मायने लावलेल्या केळीच्या बुडाशी अंथरली. पाणी थेंब थेंब पडायला लागलं आणि नाना असे चालायला लागले, जणू तापी त्यांनीच खणली होती.

भर वैशाखात माय बांधावरून ओरडली, की नळ्यांत गाळ बसलाय, शेवटच्या रांगांना पाणी पोचत नाही. नाना विहिरीवरच्या मोटारीपाशी बसलेले. तिथूनच म्हणाले, परत सांगा. मायने पदर खोचला आणि सरळ घरी आली. एवढा शहाणा माणूस, पण उठून बघेल तर शपथ! नियमाप्रमाणे निरोप पोचलाच नव्हता ना. त्या रांगा उभ्या करपल्या. मायने जीव लावलेली केळी होती ती, मला अजून संताप येतो, दोघांचाही. उरलेली वाचावी म्हणून तिने जुन्या लुगड्याचा तुकडा पाइपाच्या तोंडाला गाळणी म्हणून बांधला. नानांशी मात्र चकार शब्द नाही.

मग जळगावहून साहेब लोक जीपने ठिबक बघायला आले. नाना घरची अहिराणी सोडून शुद्ध मराठीत सुटले. गाळणी हा आपलाच शोध. आणि त्या करपलेल्या रांगा? त्या मुद्दाम कोरड्या ठेवल्या, फरक दिसावा म्हणून! साहेबांनी माना डोलावल्या. माय चहाचे कप घेऊन मागेच उभी होती.

“परत सांगा,” ती म्हणाली.

नियम नानांचाच होता. त्यांनी लुगड्याच्या तुकड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

“रांगा मन्हामुळे वाळन्यात,” त्यांनी आधी स्वतःकडे, मग मायकडे बोट केलं. “गाळणी हिनी शे.”

मायने कप खाली ठेवले. आणि जन्मात पहिल्यांदा, साहेबांच्या देखत, तिने निरोप शब्दन् शब्द म्हणून दाखवला.