गेनूभाऊंची वीस नामं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात अर्धा दोष त्या स्वभावाचा.

सत्तावन्न साल असेल. आम्ही रत्नागिरीकडून दापोडीत नवे आलेलो. माझे यजमान लक्ष्मणराव वर्कशॉपात, आणि मी मॅट्रिक पास होऊन चुलीपुढे. गेनूभाऊ आमच्याकडे दुधाचा रतीब घालायचे. एका सकाळी दूध ओतून झालं तरी गृहस्थ दारातून हलेनात.

"काय हवंय?" मी विचारलं.

"विंग्रजी," ते म्हणाले.

चाळिशी उलटलेली, डोक्याला पटका, एक गुडघा अधू, हातात दुधाची कासंडी. मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. पिंपरीच्या अलीकडे एका वाडीत त्यांची जमीन होती. तिच्यावर आता कारखाना उभा राहिला होता. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरातल्या एकेकाला तिथे काम मिळणार होतं. इंग्रजी मुळीच येत नसेल त्याला हमाली. थोडं येत असेल, वस्तूंची नावं लिहिता-वाचता येत असतील, त्याला स्टोअरमध्ये जागा. महिन्याभरात साहेब परीक्षा घेणार होता.

"इंदुताई, जिथं मी नांगर धरला, तिथं दुसऱ्याची पोती न्हाई वाहायची मला," गेनूभाऊ म्हणाले. "तेवढं टळलं म्हंजी झालं."

मी पाटी काढली. शिकवणीबद्दल रोज पाव शेर दूध जास्त, असं ठरलं.

मराठी चौथीपर्यंत त्यांची शाळा झाली होती, त्यामुळे अक्षरं आठवड्यात बसली. मग व्याकरण. नाम म्हणजे वस्तूचं नाव आणि क्रियापद म्हणजे केलेलं काम, इतकं सांगून मी कामालाच लावलं. कारण अंगाला घाम आल्याशिवाय क्रियापद डोक्यात जात नाही, असं माझं मत. 'रन' म्हटलं की अधू गुडघ्यानं ते रेल्वेच्या रुळांपर्यंत जाऊन यायचे. 'क्राय' म्हटल्यावर रडू येईना, तेव्हा मी हातात कांदा चिरून दिला. 'स्लीप' म्हटलं तर उंबऱ्यापाशी आडवे झाले आणि खरोखरच घोरायला लागले; पहाटे तीनपासून उठलेला माणूस तो. लक्ष्मणराव शिफ्ट संपवून आले, त्यांना ओलांडून आत शिरले आणि म्हणाले, "आज फार अवघड धडा दिसतोय."

नामांपाशी मात्र घोडं पेंड खायला लागलं. आज बादलीला बकेट म्हणायला शिकवावं, तर उद्या हे तिला 'रोप' म्हणजे दोरी म्हणायचे. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि माझं डोकं फिरलं.

"परवा वीस नामं लिहिता आली नाहीत तर दूधही नको आणि तुम्हीही नको," मी ठणकावलं. "वस्तूंवरच लिहून ठेवा, म्हणजे येता-जाता दिसतील."

त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. डब्यात चुना कालवला आणि सुटले. दारावर डोअर, खाटेवर कॉट, म्हशीच्या कुशीवर बफलो. बायकोवर लिहायची काही छाती झाली नाही. म्हणून तानाबाई चुलीपुढे जिथे बसायच्या, तिथे मागच्या भिंतीवर वाइफ लिहिलं. एवढं करूनही चौदाच भरली. मग राहिलेल्या सहांसाठी स्वारी वाडीत निघाली. दुपारची माणसं शेतात होती. चावडीची पायरी झाली, पिंपळ झाला, आणि शेवटी थोरले चुलतभाऊ रंगराव, गेनूभाऊंचे आण्णा, यांची बैलगाडी आणि विहीरसुद्धा झाली.

आता मला कोकणातल्या बाईला काय ठाऊक, की त्या वाडीत इंग्रजी अक्षरं त्याआधी एकदाच उमटली होती, आणि तीही चुन्यानंच? चार वर्षांपूर्वी मोजणीवाले येऊन झाडांवर, दगडांवर काहीबाही काढून गेले, आणि ज्या ज्या जागी ते काढलं होतं ती जागा वर्षभरात गेली. तेव्हापासून चुन्याचं इंग्रजी म्हणजे सरकारजमा, एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तिन्हीसांजेला वाडीत हलकल्लोळ उडाला. कुणी शेळ्या पाव्हण्यांकडे हाकलल्या, कुणी दाणे पुरायला घेतले. शेजारची म्हातारी दुर्गाबाई चुलीमागची भिंत बघून तानाबाईंच्या गळ्यातच पडली.

"बया, तुलाबी घेतलं व्हय गं?"

"घिऊ द्या की," तानाबाई म्हणाल्या. "दोन दिसांत माघारी आणून घालत्याल."

चेष्टा तेवढीच. गेनू कंपनीला फितूर झाला, असं रंगरावांनी चावडीवर सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. त्याला वाडीबाहेर पडू द्यायचं नाही, परीक्षेला तर नाहीच, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. दुपारी तानाबाईच आल्या आणि म्हणाल्या, "तुमीच लावलंय ह्ये, तुमीच येऊन निस्तरा."

मी पदर खोचून गेले. चावडीवर सगळे जमले होते आणि मधोमध गेनूभाऊ मान खाली घालून बसलेले.

"अहो, ही नुसती नावं आहेत," मी सांगितलं.

"मागं बी आदी नावंच लिवली व्हती," रंगराव म्हणाले.

ते खरंच होतं, आणि असं खरं ऐकलं की मला राग येतो. "हे सगळं माझ्या सांगण्यावरून झालंय," मी म्हणाले. "शिव्या घालायच्या तर मला घाला." परक्या बाईला कोण शिव्या घालणार? मग गेनूभाऊ उठले. लोकांना घेऊन एकेका वस्तूपाशी गेले, तिथे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःच्या हातानं पुसलं. रंगरावांनी विहिरीपाशी त्यांना हात लावू दिला नाही. काथ्या घेऊन स्वतःच घासत बसले. पण परीक्षेला जायची वाट मोकळी झाली.

परीक्षेत साहेबानं टेबलावर मांडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं त्यांनी लिहिली. वाडीभर मोठ्यानं वाचत पुसताना अक्षरं पक्की बसली होती ना. मग साहेब 'रन' काय ते विचारायला गेला, तर हे फाटकापर्यंत धावून परत आले. साहेब पोट धरून हसला आणि त्यानं स्टोअरमध्ये घेतलं. मी त्या दिवशी घरी शिरा केला.

तीन आठवडे झाले आणि कारखान्याला आणखी जमीन हवी झाली. मोजणीवाल्यांबरोबर कुणी तरी इंग्रजी लिहिणारा आणि शिवार माहीत असलेला माणूस पाहिजे होता. साहेबानं गेनूभाऊंच्या हातात चुन्याची बादली दिली. नाही म्हणालास तर उद्यापासून पोती, हे कारकुनानं स्वच्छ सांगितलं. आणि पहिलीच खूण होती रंगरावांच्या विहिरीची.

दुसऱ्या दिवशी हे सांगताना गेनूभाऊंनी भांडं भरलेलं असताना वर आणखी दूध ओतलं. मला त्या साहेबाचा राग आला, माझ्या शिकवणीचा आला, आणि रडूही आलं.

ते म्हणाले, "मी बादली खाली ठिवली. म्हनलं, आण्णा, मी न्हाई लिवनार, पोती वाहीन."

"मग?"

"आण्णानं बादली उचलली. मग म्हनला, तू न्हाई लिवलंस तर दुसरा लिवंल. मागल्या टायमाला काय लिवलं व्हतं, त्ये आजपातुर कुनी सांगितलं न्हाई. तू लिव, आन् मला वाचून दाव."

तर रंगरावांनी बादली धरली आणि गेनूभाऊंनी लिहिलं. एकेक अक्षर काढायचं, मोठ्यानं म्हणायचं, मग पुढचं. डब्ल्यू, ई, एल, एल, अशी 'वेल'ची चारी अक्षरं झाली, तसे रंगराव चार पावलं मागे सरकले आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"त्यो शेवटला येल बारका आलाय," ते म्हणाले. "नीट काढ. माज्या बापानं खांदलीया ही."