लेबलांच्या टेबलावरची मावशी

मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात मी बाटल्यांना लेबलं चिकटवायला लागले, तेव्हा आमच्या टेबलावर सहा बायका होत्या. सगळ्यांत मोठी मालवणकडची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तिची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती, त्यामुळे दिवसाकाठी तिच्या हातून जेमतेम दोन खोकी व्हायची. बाकीची आम्ही भरायचो, कारण ती गोष्टी सांगायची. नवऱ्याला दारूपायी गिरणीतून कसं काढलं, सासूने ऐन बाळंतपणात कसं छळलं, सगळं रंगवून. खळ लावता लावता दिवस सरायचा. सुपरवायझरही काही म्हणत नसे. हात चालू होते ना.

मला ती आवडायची. म्हणूनच एकदा डबा खाताना तिला एकटीला मी बहिणीचं सांगितलं. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली, तशी माझी बहीण आईने दिलेला पितळी हंडा तेवढा घेऊन परत आली होती. चाळीत आम्ही सांगितलं होतं, बाळंतपणाला आली आहे.

चारच दिवसांनी मावशीने टेबलावर कुणा एका मुलीची गोष्ट काढली. नाव नव्हतं, पण हंडा होता. माझ्याच चाळीतली एक जण तिथे बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. संध्याकाळी नळावर बायका बहिणीला विचारत होत्या, कितवा महिना गं? त्यानंतर ती नळावर गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला जाब विचारला. तिने नाकारलं नाही.

"माझं सगळं सांगून संपलं गं," ती म्हणाली. "गप्प बसले तर माझी खोकी कोण भरील?"

"मी तरी नाही भरणार," मी म्हटलं.

आणि नाही भरली. इतकंच नाही, एकेकीला गाठून सांगितलं, आज माझं, उद्या तुझं. प्रत्येकीने तिला कधी ना कधी काहीतरी सांगितलेलं होतंच. सगळ्यांनी हात आखडले. आठ दिवसांत सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि त्याने तिला बाटल्या धुवायला टाकलं, सोड्याच्या गरम पाण्यात. त्या बोटांनी ती तिथे महिनाभर टिकली, मग यायची बंद झाली.

टेबलावर आता कुणी बोलत नव्हतं. दिवस जाता जात नसे, आणि त्याचा राग बायकांनी माझ्यावर काढला. तूच घालवलीस तिला, असं चाळीतलीच म्हणाली. मी पुढची बाटली ओढली. मला मावशीची दया आली नव्हती. त्या बायकांची तर मुळीच नाही.