व्याह्यांचा पहिला शिष्य

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. पण आता व्याही नाहीत, आणि लोक अजून माझी फुकटची वाहवा करतात, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो. माझ्या सुनेच्या वडिलांइतका माइकचा लोभी माणूस हिंगोली जिल्ह्यात झाला नसेल. मंडप-लाउडस्पीकरचा धंदा त्यांनी मुलांवर सोपवला, पण माइक काही हातातून सुटला नाही. त्यात कुणीतरी त्यांना मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्ता दाखवली, आणि ती सगळ्या जनतेला समजावून सांगण्याची जबाबदारी आपलीच, असं त्यांनी ठरवून टाकलं. बारसं असो की तेरावं, पंगत बसली की हे उभे. "हे यंत्र म्हंजे सोयरीक जुळवणारा मधला माणूस. पोरगं पाहिलेलं नसतंय, तरी सांगतो, 'एकदम निर्व्यसनी!' लबाड न्हाई तो, चार जागी ऐकलेलं जोडून बोलून राहिला. मग आपण काय करतो? त्या गावात जाऊन चौकशी करतो. हितं बी करायची." एका तेराव्याला त्यांनी यंत्राकडून लिहून घेतलेला शोकसंदेश वाचला, तर मयताशी बोलणं टाकलेले भाऊबंदही रडले. हे खूश. "बघा, वळखत बी न्हाई अन् रडवून राहिलं!" त्या दिवशी त्यांना जेवण मिळालं, पण सगळ्यांच्या मागून.

आमच्या गावी, शिरड शहापूरजवळ, आले तेव्हा त्यांनी मला न विचारता माझा आवाज यंत्रात घातला आणि त्याची हुबेहूब नक्कल करवली. देवळापुढच्या कर्ण्यातून मी बोलू लागलो, "आमची म्हैस मी गावाला दान करून राहिलो." बायको हातात दावं घेऊन धावत आली. "काहून? डोकं फिरलं का तुमचं?" मी तिच्यापुढे तोंड मिटून उभा, आणि कर्ण्यात माझं दान चालूच. गाव लोळून हसलं. व्याह्यांनी धडा सांगितला, "फोनवर आवाज वळखीचा वाटला तरी भुलू नका. घरच्यालाच ठाऊक असंल असं कायतरी विचारा."

मी रुसलो. मुलाचा बाप ना मी! लग्नातही फेट्याच्या रंगावरून रुसून बसलो होतो, आणि याच माणसानं हात जोडून मला उठवलं होतं.

मग एका रणरणत्या दुपारी त्यांचा फोन आला. "इवाई, वारंगा फाट्यापाशी गाडीवरून पडलो. पाय हलंना. पोराला धाडता का?" पहिल्या शब्दालाच मी त्यांना ओळखलं. पण राग होता. म्हटलं, "कशावरून तुमी? लग्नात कोण रुसलं होतं, सांगा." विव्हळतानाही त्यांचा आवाज खुलला. "वा, बराबर इचारलं!" मग म्हणाले, "कुणीच न्हाई रुसलं." माझी अब्रू झाकणारं असं उत्तर जगात तेच एक देऊ शकत होते. मी "चूक" म्हणालो आणि फोन ठेवला. सुनेला सांगितलं, खोटा फोन होता. त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग तर कायम प्रात्यक्षिकांतच संपलेलं, दुसऱ्या कुणाला फोन करणं त्यांना जमलंच नाही. ऊन कलल्यावर कुणा ट्रकवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं.

पाय लंगडाच राहिला. मी तोंड लपवत भेटायला गेलो, तर खाटेवरून ओरडले, "आला माझा पहिला शिष्य! मी मरून राहिलो होतो, तरी फसला न्हाई गडी!" पुढे प्रत्येक सभेत काठी टेकून हीच गोष्ट सांगायचे. "उत्तर माझंच चुकलं," म्हणायचे. प्रश्न कोणता होता, हे मात्र त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. लोक टाळ्या वाजवायचे, मी मान खाली घालायचो, आणि ते माझ्या विनयाचंही कौतुक करायचे.

शेवटच्या आजारात खरं बोलायलाच गेलो होतो. त्यांनी माझा हात धरला आणि लेकीला म्हणाले, "तुझ्या सासऱ्याएवढं कुणी शिकलं न्हाई बघ." मी चहा घेतला आणि परत आलो. वाटभर एकच वाक्य तोंडात घोळत होतं: इवाई, मी तुमाला वळखलं होतं. माफ करा.