कोंबड्यांचा बंगला

“जागा नीट आखून दिली, की जनावर सुखी,” असं म्हणत आमचे शेजारी अण्णा परसात छडीनं रेघा ओढत. सरकारी रस्त्यांवर ओव्हरसीयर होते, निवृत्त होऊन दहिवलीला परतले होते. त्यांनी बांधलेल्या दोन मोऱ्या पुरात वाहून गेल्या, हे तुम्हीही ऐकलं असेल. ऐट मात्र तशीच राहिली.

गावात कोंबड्या टोपलीखाली झाकायची रीत. अण्णांना तो अडाणीपणा वाटे. त्यांना कोंबड्यांसाठी बंगला बांधायचा होता. एकेका कोंबडीला जागा किती, बसायची दांडी कुठं, ऊन कुठून, हे ते कुंपणाशी उभं करून आम्हाला ऐकवत. आम्ही माना डोलवायचो आणि घरी येऊन पोट धरून हसायचो.

त्याच सुमारास मुंबईवर बाँब पडणार अशी हूल उठली आणि त्यांची धाकटी विधवा बहीण लेकीला घेऊन आली. आतल्या खोलीत बंगल्याच्या फळ्या आणि जाळी रचलेली. ते सामान हलवायला अण्णा तयार नव्हते. मायलेकींना मिळाली गळकी पडवी.

पावसाळाभर बहिणीनं सोसलं. पोरगी तापानं फणफणली तेव्हा आमच्यादेखत तिनं विचारलं, “दादा, कोंबड्यांची जागा आखलीस. आमची कवा आखनार रं?”

“माणसाचं काय? माणूस कुठंही निजतो,” अण्णा म्हणाले.

ती भांडली नाही. ताप उतरल्यावर लेकीला घेऊन खोपोलीला गेली आणि एका खाणावळीत भाकऱ्या थापू लागली.

बंगला यथावकाश उभा राहिला. अण्णांच्या मोऱ्यांइतकाच पक्का. दारात भलीमोठी फट राहिली होती. मुंगूस आत शिरलं आणि सकाळी नुसती पिसं उरली. चूक मुंगसाची, असं अण्णांनी जाहीर केलं. नव्या कोंबड्या मात्र आणल्या नाहीत.

पुढं त्यांची एक बाजू लुळी पडली. कुणीतरी निरोप धाडला आणि बहीण बैलगाडी घेऊन हजर झाली. आम्ही त्यांना उचलून गाडीत ठेवलं. जड जिभेनं त्यांनी तिला विचारलं, “तुझ्याकडं जागा हाय का गं?” दुसऱ्याच्या जागेची चौकशी करताना आम्ही त्यांना प्रथमच ऐकत होतो.

“एकच खोली हाय. सरकून निजू,” ती म्हणाली आणि त्यांच्या मानेखाली आपल्या लुगड्याची घडी सारली.

गाडी हलली. अण्णांनी चांगल्या हातानं तिचा पदर धरून ठेवला होता.