बोल पक्का

आमच्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत रूपजीकाका पायातली चप्पल काढत नसत. उधवा गावातल्या शाळेच्या खोलीत दर रविवारी आम्ही जमायचो. सगळ्यांच्या चपला बाहेर आणि काका दाराशी चपलेसकट. एकदा मी टोकलं, तर म्हणाले, "पलायचं झालं त चप्पल शोधीत बसू काय?" पळाले मात्र कधीच नाहीत.

बैठकीतलं बैठकीतच ठेवायचं, असा आमचा नियम. त्यावर ते पोट धरून हसत. "आख्ख्या पाड्यानं मना बांधावरून उचललाय. आता कोनापासून लपवता?"

एका रविवारी मात्र ते हसले नाहीत. त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं, वाणगावकडे जमत आलं होतं. काकांच्या समाजात सोयरीक ठरताना दोन्ही बापांनी एकाच ग्लासातून मोहाची दारू घ्यायची, तेव्हा बोल पक्का. नाही म्हणणं म्हणजे मुलगी द्यायचं मनात नाही. "घेतली त मी जातो, नाय घेतली त पोरीचं लगीन मोडतं," काका म्हणाले. डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून सांगा, असं मी सुचवलं. आम्हा पिणाऱ्यांना सबबी चटकन सुचतात. "खोटं बोलून पोर देऊ?" काका म्हणाले, आणि सोयरीक ठरायच्या दिवशी घरी ये म्हणून मला बजावलं.

मी गेलो. व्याह्यांनी देवाच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडले, घोटभर घेतली आणि ग्लास पुढे केला. काकांनी तो धरला. "एक घोट घेतला त मी थांबत नाय. मना माफ करा."

"मग बोल कसा पक्का व्हायचा?" व्याही म्हणाले.

काकांच्या हातातला ग्लास हळूहळू ओठांकडे निघाला होता.

तेवढ्यात सुनंदा घरातून बाहेर आली. अशा वेळी मुलीने बोलायचं नसतं. ती सरळ होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, "माझ्या बाला देऊ नका. बा मना आत्ता कुठं गावलाय."

व्याह्यांनी काकांच्या हातातला ग्लास घेऊन सगळा जमिनीवर ओतला. "देवानं घेतली. बोल पक्का."

पेढे आणायला मी काकांना मोटारसायकलवर बसवून बाजाराकडे निघालो. मागे बसून तो माणूस लहान मुलासारखा रडत होता आणि पाड्यात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवत होतो.