गाडी सुटली, पण मी गेलोच

कट्ट्यावरच्या कोल्हापूरकरांनो, सकाळचीच गोष्ट आहे, ताजी आहे तोवर लिहितो.

मुलाकडे अमेरिकेत आल्यापासून मी नातीला मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेतली एक कविता शिकवत होतो. आज ती तिच्या शाळेत म्हणणार होती. ऐनवेळी मुलगा-सून कामात अडकली. "बाबा, एकटे जाऊ नका," असा मुलाचा फोन आला. पण मी नातीला शब्द दिला होता.

"चुकलासा तर कुणाला इचारणार? गोऱ्यास्नी पावणं म्हणून हाक मारणार व्हय?" बायको म्हणाली. मी कोट चढवला आणि निघालो.

इथे रस्त्याच्या मधून दोन डब्यांची छोटी रेल्वे धावते. स्टेशन म्हणजे नुसता फलाट आणि छप्पर. गाडी आली. कंडक्टर दार उघडेल म्हणून मी कविता गुणगुणत उभा राहिलो. गाडी निघून गेली.

पुढच्या गाडीला मी गावाकडं वडापच्या जीपला करतात तसा हात केला आणि दारावर दणादण थापा मारल्या. आतल्या एका बाईनं हसून बटण दाबलं, दार उघडलं. तसंच बटण बाहेरही होतं.

शाळेत पोचलो तेव्हा नात मंचावर गप्प उभी होती, नजर दाराकडे. मी दिसलो आणि तिनं पहिली ओळ म्हटली.

येताना बटण मीच दाबलं. उद्यापासून नातीला शाळेतून आणायलाही मीच जाणार, हे घरी सांगून टाकलंय. बायको म्हणते, "मग मी काय हितं भिंती बघत बसू? मीबी येणार की."

तुमचे आईवडील परदेशी तुमच्याकडे आले, तेव्हा त्यांना स्टेशनची वाट दाखवलीत का?